काळी की पिवळी? आपल्या गावची सातेरी मोजायची कशी आणि टिकवायची कशी

दिवाळी झाली की मला दोन-चार फोन ठरलेले. ताई, काळी सातेरी (आपली पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) चांगली की पिवळी, मध कुठली जास्त देते, अमक्याकडे काळ्या माशीच्या पेट्या आल्यात, मागवू का. दरवेळी अर्धा-अर्धा तास तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझी स्वतःची फजिती. आमचं घर राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीकडे, पक्की खलाटी म्हणजे किनारपट्टी, समोर तिवरं आणि मागे हापूसची कलमं. आत्या पाचलच्या पुढे, अणुस्कुरा घाटाच्या बाजूला, म्हणजे वलाटी, डोंगराकडचा पट्टा. तिच्या गडग्यातली (दगडी कुंपणातली) एक वसाहत जेसीबीखाली जाणार होती म्हणून मी ती पेटीत भरली आणि सरळ घरी आणून माझ्या जुन्या पेटीशेजारी ठेवली. आत्याकडची माशी काळपट, जरा भरलेली, माझी पिवळसर आणि किडकिडीत. झालं, महिनाभर मी सगळ्यांना सांगत सुटले की वलाटीची जातच वेगळी. नंतर माझ्या पेटीतलं जुनं काळंकुट्ट पोळं काढून टाकलं, माश्यांनी नवीन बांधलं आणि त्यातून निघालेली कामकरी माशी मोजली तर आत्याच्या माशीच्या बरीच जवळ भरली. फरक होता, नाही असं नाही, पण मी गावभर सांगितलेला त्याच्या अर्धा पण नव्हता. बाकी सगळा जुन्या पोळ्याचा प्रताप. प्रत्येक पिल्लू बाहेर पडताना पोळ्यातल्या घरात, म्हणजे खणात, आपल्या कोषाचा पातळ पापुद्रा सोडून जातं, असे थरावर थर बसून घर आतून अरुंद होत जातं आणि अरुंद घरात माशी पण बारीकच होते.

तेव्हापासून माझा नियम एकच, जात वेगळी आहे असं म्हणायच्या आधी मोजायचं आणि मोजायच्या आधी पोळं किती जुनं ते बघायचं.

आधी ती सातेरीच आहे ना?

हसू नका, पेटीत परदेशी मेलिफेरा माशी असून तिला मोठी सातेरी म्हणणारे मी पाहिलेत. कोकणात मधमाश्या म्हणजे मोठ्ठं एकच पोळं उघड्यावर लटकवणारी आग्या, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी, भिंतीच्या भोकात मेणाची नळी काढून राहणारी इवलीशी बिनडंखाची पोया, आणि अंधारात, ढोलीत, गडग्यात, वारुळात समांतर पोळी बांधणारी आपली सातेरी. शास्त्रात तिला एपिस सेराना म्हणतात, हे नाव फॅब्रिशियसने १७९३ साली दिलं, आपल्याकडची उपजात इंडिका. (आमच्या पट्ट्यात वारुळाला सातेरी देवी म्हणून पूजतात, आणि त्याच वारुळात कधीकधी सातेरीचं मोहोळ निघतं, तेव्हा आजी हात जोडल्याशिवाय कुणाला हात घालू द्यायची नाही. मला हा नियम अजूनही आवडतो, निदान माणूस दोन मिनिटं थांबतो तरी.)

मेलिफेरा ही परदेशी, भारतात ती नीट रुजली १९६२ नंतर हिमाचलच्या नगरोटा बगवांपासून. ती आणि सातेरी यातला फरक बघायचे तीन सोपे मार्ग आहेत. एक, उन्हात पेटीच्या दाराशी पंखा घालणाऱ्या माश्या बघा, सातेरीचं तोंड बाहेरच्या बाजूला असतं आणि मेलिफेराचं आतल्या. दोन, नराच्या बंद घरांची झाकणं बघा, सातेरीच्या झाकणाला मधोमध सुईएवढं भोक असतं. तीन, मागचा पंख. सातेरीच्या मागच्या पंखात एक शीर पुढे जराशी लांबलेली असते, मेलिफेरात ती नसते, मोबाइलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावलीत की दिसते. शिवाय सातेरी झाडाचा चीक म्हणजे प्रोपोलिस वापरत नाही, तेव्हा पेटीच्या फटी चिकट डिंकासारख्या कशाने बुजवलेल्या दिसल्या तर थांबा आणि परत बघा.

रंगावर का जाऊ नये

काळी-पिवळी हा फरक खोटा नाही. आपल्या देशात जसजसं उत्तरेला जावं आणि जसजसं वर चढावं तशी सातेरी मोठी आणि काळी होत जाते. काश्मीरच्या माशीचा पुढचा पंख साडेआठ मिलिमीटरच्या आसपास भरतो, दक्षिणेकडच्या सपाटीवरच्या माशीचा साडेसातच्या आसपास, जीभही तशीच लांब-आखूड. कोकणाची गंमत अशी की हा चढ आपल्याकडे एकाच तालुक्यात आहे, खाडीकाठी समुद्रसपाटी, मग सडा म्हणजे जांभ्याचं पठार, मग वलाटी आणि घाटमाथा. म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरच्या पट्ट्यात माशीला तीन वेगळी हवामानं मिळतात. म्हणून इथला फरक नोंदवण्यासारखा आहेच.

पण नुसता रंग बघून निकाल द्यायचा नाही, त्याची कारणं सांगते. राणी एकदा उडायला जाते तेव्हा दहा-बारा किंवा त्याहून जास्त नरांशी तिचा संयोग होतो, म्हणजे एका पेटीतल्या कामकरी माश्या एकाच आईच्या पण वेगवेगळ्या बापांच्या लेकी, त्यामुळे एकाच चौकटीवर काळी आणि पिवळी शेजारी शेजारी दिसतात आणि ते अगदी नॉर्मल आहे. दुसरं, कोषात असताना गारवा लागला तर माशी काळपट निघते, म्हणून जानेवारीत थंडीच्या दिवसांत कडेच्या पोळ्यातली माशी आणि एप्रिलमध्ये मधल्या पोळ्यातली माशी यांचा रंग एकाच राणीच्या असूनही वेगळा. तिसरं, म्हातारी माशी. अंगावरची लव झडते आणि ती तुळतुळीत काळी दिसते, दारात येणाऱ्या-जाणाऱ्या माश्या बऱ्याचशा अशाच असतात, आणि लोक फोटो दारातच काढतात.

आकाराचं पण तसंच. जुनं पोळं सांगितलंच, त्यात पावसाळ्यात उपाशी वाढलेली पिल्लं बारीक निघतात. आणि तुम्ही बाजारातला मेणपत्रा (घरांचा साचा उमटवलेला मेणाचा पत्रा) लावला असेल तर घराचा आकार त्या पत्र्याच्या साच्याचा आहे, तुमच्या माशीचा नाही, हे तर बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

मोजायचं कसं

महिना निवडा, माझ्या मते फेब्रुवारी. काजू फुललेली असते, वसाहत भरलेली असते, आदल्या पावसाळ्याची उपासमार मागे पडलेली असते. आणि दरवर्षी तोच महिना ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार.

डिसेंबरात पेटीत एक रिकामी चौकट द्या, वरच्या पट्टीला मेणाची नुसती रेघ ओढा, मेणपत्रा नको. माश्या आपल्या मापाने पोळं बांधतील. त्यात पिलावा (अंडी-अळ्या-कोष) झाला आणि तो बाहेर पडायला लागला की त्या चौकटीवरच्या तरुण कामकरी माश्या घ्यायच्या. तरुण कशी ओळखायची, अंगावर फिकट दाट लव असते आणि पंखांच्या कडा फाटलेल्या नसतात. एका पेटीतून वीस पुरे. हजारोंच्या वसाहतीतून वीस गेल्याने काही बिघडत नाही, तरी मला स्वतःला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं हे कबूल करते. राणी त्या चौकटीवर नाही ना हे दोनदा बघा. एकदा बघून काम झालं असं समजणाऱ्या एका मुलाने राणीच बाटलीत घातली होती, नंतर रडत फोन.

माश्या छोट्या बाटलीत, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये. कुठल्या संस्थेला डीएनएसाठी द्यायच्या असतील तर ९५ टक्क्यांच्या पुढचं अल्कोहोल लागतं, नुसत्या मोजणीला ७० टक्के चालतं. बाटलीत आतून पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई विरघळते. चिठ्ठीवर तारीख, गाव, वाडी, उंची (मोबाइलवर दिसते), पेटी नंबर, पोळं नवं की जुनं.

आता पंख. नेहमी उजवा पुढचा पंख, बारीक चिमट्याने मुळापासून काढायचा, काचेच्या पट्टीवर ठेवून वरून पारदर्शक सेलोटेप. वीस पंख ओळीने बसतात. मायक्रोस्कोप नसला तरी झेरॉक्सवाल्याचा स्कॅनर असतोच, त्याला सांगा २४०० डीपीआयवर स्कॅन कर. तो आधी तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे २४०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये साधारण ९४ पिक्सेल, तेव्हा पंख ७१० पिक्सेल भरला तर तो साडेसात मिलिमीटरचा. कॉम्प्युटरवरच्या साध्या पेंटमध्ये पण पिक्सेल मोजता येतात. स्कॅन करताना बाजूला स्टीलची पट्टी ठेवा, म्हणजे स्कॅनरने गडबड केली तर कळेल.

आमच्या वाडीतले एक आजोबा मी पंख चिकटवत बसलेली असताना आले आणि म्हणाले, "काय गो, माश्यांचं आधार कार्ड काढतंस काय?" आजोबा, जवळपास तसंच.

लांबी-रुंदी झाली की अजून एक माप घ्या, ते जास्त कामाचं आहे कारण ते माशीच्या आकारावर फारसं अवलंबून नसतं. पुढच्या पंखात वरच्या कडेलगतच्या लांबट कप्प्याखाली ओळीने तीन बंद कप्पे आहेत. तिसऱ्या कप्प्याच्या खालच्या कडेवर खालून एक शीर येऊन मिळते आणि त्या कडेचे दोन तुकडे करते, एक लांब, एक आखूड. लांब भागिले आखूड. याला क्युबिटल इंडेक्स म्हणतात. सातेरीत हा आकडा साधारण साडेतीन-चारच्या पुढेमागे खेळतो, मेलिफेरात बहुधा दोन-अडीच. जुन्या पोळ्यातली बारीक माशी असो की नव्यातली मोठी, हे गुणोत्तर फारसं हलत नाही, म्हणून दोन गावच्या माश्यांची तुलना करायची तर आधी याची करा. हौस असेल तर मागच्या पंखाच्या कडेवरचे बारीक आकडे, म्हणजे हुक, मोजा, ज्यांनी दोन पंख एकमेकांत अडकतात ते, सतरा-अठरा असतात, पण त्याला चांगलं भिंग लागतं आणि मान मोडते.

जीभ मोजायच्या भानगडीत घरी पडू नका, ती सरळ करतानाच तुटते.

पोळ्याचं माप मात्र सोपं. त्याच नव्या पोळ्यावर कामकरी माशीची सलग दहा घरं मोजा, तीन दिशांनी, आणि सरासरी काढा. आमच्याकडे चार सेंटीमीटरच्या थोडं पुढे येतं.

वीसचा नुसता सरासरी आकडा लिहून थांबू नका, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा पण लिहा. दोन पेट्यांची सरासरी वेगळी पण आकडे एकमेकांत मिसळलेले असले तर तो फरक फार मनावर घ्यायचा नाही. आणि एका पेटीवरून गावाबद्दल बोलायचं नाही, गावातल्या निदान पाच-सहा वेगवेगळ्या वसाहती हव्यात, त्यातल्या दोन तरी ढोलीतल्या किंवा गडग्यातल्या, कारण पेट्यांची बरेचदा एकच खापरपणजी असते.

पंखापेक्षा वही मोठी

खरं सांगू का, पंख मोजणं ही हौस आहे, चांगली हौस आहे, पण माशी टिकवायची तर वर्षभर ती वागते कशी ते लिहायला लागतं. कारण डोळ्याला दिसणारा फरक आणि कामाचा फरक एक नसतो. माझी सगळ्यात बारीक आणि फिकट माशीची पेटी सलग पाच पावसाळे साखरेच्या दोनच वाट्यांवर काढते, आणि आत्याची देखणी काळी वसाहत पहिल्याच श्रावणात उठून गेली. गेली म्हणजे मेली नाही, रिकामी पोळी ठेवून पळाली, सातेरीचा तो स्वभावच आहे, उपास पडला, मेणकिडा लागला, मुंग्यांनी छळलं की ती भांडत बसत नाही, घर सोडते. आज मागे बघितलं तर ती वसाहत मी आत्याच्याच आवारात सुरक्षित जागी पेटीत ठेवायला हवी होती, खाडीवर आणायची काही गरज नव्हती.

आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडायला मिळतं ते उघडीपीच्या तासा-दोन तासात. त्या वेळात जी वसाहत लाजाळूचे, मक्याचे, माडाचे परागकण घेऊन येते, पोळी आवरून राणीचं अंडं घालणं आपणहून कमी करते आणि थोड्या मधावर तग धरते, ती खरी आपल्या गावची. हे गुण पंखावर दिसत नाहीत. म्हणून वहीत या गोष्टी लिहा: पावसात साखर किती वेळा द्यायला लागली, घर सोडलं का आणि कधी, नर कधी दिसायला लागले, थवा कधी सुटला, मेणकिडा किती, गांधीलमाशी आली तर दारात काय करतात (चांगली वसाहत तिला घेरून गोळा करते आणि अंगाच्या उष्णतेने मारते, बघण्यासारखं असतं), आणि उघडल्यावर अंगावर येतात का. शेवटचं मी सगळ्यात खाली ठेवते. गरीब माशी सगळ्यांना आवडते पण नुसत्या गरीब माश्या निवडत गेलात तर गांधीलमाश्यांची सोय होते.

फुलोऱ्याची नोंद पण याच वहीत. आमच्याकडे साधारण असं जातं: पाऊस सरता सरता किंजळ, मग रानमोडी, डिसेंबरपासून काजू आणि आंब्याचा मोहोर, सावर-पांगारा, मग जांभूळ, उन्हाळ्यात करंज, शेवटी ऐन, आणि माड-सुपारी बारा महिने. वलाटीत हे पंधरा-वीस दिवस मागेपुढे होतं आणि तिकडची माशी तिकडच्या वेळापत्रकावर चालते. मला वाटतं खलाटी-वलाटीतला खरा फरक पंखात कमी आणि या वेळापत्रकात जास्त आहे, पण हे माझं मत, तुमच्या वहीत वेगळं निघालं तर तुमची वही खरी.

बाहेरून पेटी आणायची का

नाही. कोणी मोठ्या मनाने देत असलं, अनुदानात मिळत असली, तरी नाही.

मी एकदा आणल्यात. एका पुरवठादाराकडून चार पेट्या, लांबून, ट्रकने, माशी टपोरी काळी, पैसे पण बरेच गेले. पहिला पाऊस एकीने पण काढला नाही. ते नुकसान माझं मी सोसलं असतं, पण दोन गोष्टी अशा आहेत की त्या शेजाऱ्यांना पण सोसायला लागतात. एक म्हणजे नर. तुमच्या बाहेरच्या पेटीतले नर गावभरच्या राण्यांबरोबर उडतात, त्यांना कुंपण नसतं, म्हणजे तुमचा प्रयोग दोन-तीन किलोमीटरपर्यंत सगळ्यांच्या ढोलीत जातो. दुसरं रोग.

थाई सॅकब्रूड नाव ऐकलं नसेल तर ऐकून ठेवा. हा विषाणू थायलंडमध्ये १९७६ साली लक्षात आला, १९७८ च्या सुमारास आपल्या ईशान्येकडे दिसला आणि १९९१-९२ मध्ये दक्षिणेत पसरला तेव्हा केरळ, कर्नाटक, तामिळनाडूतल्या पेट्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त सातेरी वसाहती गेल्या. पेट्या इकडून तिकडे नेणं हा त्याच्या प्रवासाचा सगळ्यात सोपा रस्ता. लक्षण असं, अळी कोषात जायच्या आधीच घरात लांब ताणून मरते, डोक्याकडचं टोक होडीच्या नाळेसारखं वर येतं, चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेली पिशवी बाहेर येते. यावर औषध नाही, कोणी पावडर विकत असेल तर घेऊ नका. राणीला पंधरा-वीस दिवस पिंजऱ्यात ठेवून पिलावा बंद करायचा, आजारी पोळी काढून जाळायची किंवा उकळून मेण करायचं, एका पेटीची चौकट दुसरीत द्यायची नाही, हात-सुरी धुवायची, वसाहत दाट ठेवायची, खायला द्यायचं. शंका असेल तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला नमुना दाखवा, १९६२ पासूनची संस्था आहे, त्यांचं कामच ते.

आणि त्या दक्षिणेतल्या साथीतून पुढे माशी परत वाढली ती कुठून, ज्या मूठभर वसाहती आपणहून उभ्या राहिल्या त्यांच्यापासून. म्हणून तुमच्याकडे रोग येऊन गेला आणि एक पेटी काही न करता सावरली तर तिच्यावर लाल खूण करा, मध कमी देत असली तरी.

वाढवायची तर आपल्यातूनच

विभाजनाचा हंगाम आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारी, नर दिसायला लागले की. नर नसताना पेटी फोडू नका, राणी निघेल पण लग्नाला कोणी नाही. वहीत ज्या पेटीने निदान दोन पावसाळे विनातक्रार काढलेत तिच्यातच राणीची घरं (नवी राणी वाढते ती) झाली की जुन्या राणीला निम्म्या चौकटींसकट नव्या पेटीत घालून बाजूला न्या, राणीची दोन चांगली घरं जुन्या जागेवर ठेवा, बाहेर गेलेल्या माश्या तिथेच परत येतात. साखरपाणी निम्मं-निम्मं, संध्याकाळी, पेटीच्या आत, बाहेर थेंब सांडला की लुटालूट सुरू.

इथे एक चूक सगळे करतात. एक पेटी आवडली की तिच्याच लेकी सगळ्या पेट्यांत. मग राणी भावकीतल्याच नरांशी लागते, काही अंड्यांतून न चालणारे नर होतात, कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात आणि पिलाव्याच्या पोळ्यात भोकंभोकं दिसायला लागतात. लोक म्हणतात राणी म्हातारी झाली, राणी बदलतात, परत त्याच घरची आणतात. त्यापेक्षा गावातल्या चार-पाच जणांनी आपापल्या वेगवेगळ्या वसाहती ठेवा आणि एकमेकांत अदलाबदल करा. अदलाबदल खलाटीतली खलाटीत, वलाटीतली वलाटीत. आणि नराचं पोळं दिसलं की कापून टाकायची सवय सोडा, चांगल्या पेटीचे नर हे गावाला दिलेलं देणं आहे.

पेटीबाहेरची सातेरी

सगळ्यात मोठा साठा पेटीत नाहीच, तो देवराईतल्या जुन्या झाडांच्या ढोल्यांत, जांभ्याच्या गडग्यात, पडक्या घरांच्या भिंतीत आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-दापोली-मंडणगडकडे आणि मे २०२१ मध्ये तौक्तेने खाली आमच्याकडे जी जुनी झाडं पाडली त्यांच्याबरोबर कित्येक घरं गेली, आणि नवीन झाडाला ढोली व्हायला दोन पिढ्या लागतात. पोकळ झालेलं झाड घरावर पडण्यासारखं नसेल तर राहू दे. नसलेल्या ढोलीला पर्याय म्हणून मी जुनी मडकी वापरते, आतून मेण चोळून, तोंडाला फळी, फळीला रुपयाच्या नाण्याएवढं भोक, सावलीत, माणसाच्या डोक्याच्या वर, दार वाऱ्या-पावसाकडे नको. ऑक्टोबरात आणि परत जानेवारीत. सगळ्या भरत नाहीत, तीनात एक भरली तरी खूप. भरलेल्यातली निम्मी मडकी मी पेटीत काढत नाही, तशीच राहू देते, त्यांचा मध पण घेत नाही.

ढोलीतलं मोहोळ काढायचं ते फक्त झाड-भिंत जाणारच असेल तेव्हा, आणि जाळून तर कधीच नाही. आग्याला पण मशाल लावू नका, फक्त मधाचा भाग कापून पिलावा ठेवला तर ती परत बांधते.

फवारणीचं मी दरवर्षी भांडते. मोहोर फुललेला असताना फवारू नका, बोंगे फुटताना जे करायचं ते करा. काजूवर ढेकण्या किडीसाठी मारायचंच झालं तर सूर्य मावळल्यावर, आणि आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगा. सांगितलं तर मी रात्री दाराला जाळी लावते, पेटीवर ओलं गोणपाट टाकते आणि दुपारच्या आत उघडते, त्याहून जास्त कोंडलं तर उष्म्याने वसाहत जाते.

मध मी पावसाआधी घेते तेव्हा दोन भरल्या चौकटी माश्यांना ठेवतेच. साखर स्वस्त आहे हे मलाही कळतं, पण साखरेत परागकण नसतात.

शेवटचं, पेटीचा नंबर खडूने नाही आणि मार्करने पण नाही, दोन्ही पहिल्या पावसात जातात आणि मग पाच वर्षांची वही कुठल्या पेटीची ते कळत नाही, माझी एक वही अशी वाया गेलीय. ऑइल पेंट घ्या, नंबर पेटीच्या तळफळीवर आणि शिशुकोठीवर (पिलाव्याच्या खोक्यावर) दोन्हीकडे घाला, झाकणावर घालू नका, झाकणं आपण साफसफाईला काढतो आणि हमखास अदलाबदल करून ठेवतो.